प्रमाणित सामान्य कुटुंबाचा नळ

पोरांनो, एक तीन मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटून आणा, उघडे ठेवून आणा, पण आणा. एका मजल्यावर चार दारं, म्हणजे सगळी मिळून बारा. प्रत्येक दारामागे एकच खोली, तिच्या मागच्या भिंतीला एक नळ आणि नळाखाली मोरी. झालं? आता त्या नळातून पाणी येतंय अशी कल्पना तुमच्यातल्या कुणी केली असेल, तर ती ताबडतोब पुसून टाका. एवढं पुढे जायचं नाही.

या इमारतीतले नळ बिघडले होते. पाणी येत नव्हतं असं नव्हे. आलेलं थांबत नव्हतं. कितीही पिळा, टपटप चालूच. खालच्या मजल्यांची छतं ओली झाली, तक्रारी गेल्या, आणि कचेरीने खूप विचार करून तोडगा काढला. नळ बंद होत नसतील तर पाणी बंद करावं. जिन्यातले बाराही कॉक फिरवून बंद करण्यात आले आणि 'गळतीचे प्रमाण शून्यावर आणण्यात यश' अशी नोंद झाली. नोंद खोटी नव्हती. ज्या नळात पाणीच नाही तो गळणार कुठून?

याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून इमारतीतली माणसं गल्लीच्या टोकाला असलेल्या हातपंपावरून पाणी आणत.

तिसऱ्या मजल्यावर टाचणी राहत होती. ती दहा वर्षांची. तिची आई घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवायची. मुलगी अंगाने बारीक, आणि प्रश्न असे विचारायची की समोरच्याला टोचल्याशिवाय राहू नयेत. म्हणून गल्लीने तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. घरात दोघीच. आई दिवसाला चार बादल्या वर आणायची, टाचणी शाळेच्या आधी एक आणि नंतर एक. पंपापासून मोरीपर्यंत बावन्न पायऱ्या होत्या. आईच्या कमरेत अधूनमधून उसण भरायची, मग ती त्रेपन्नावी पायरी असल्यासारखी उंबऱ्यावर जरा टेकायची.

एके दिवशी राहणीमान सुधार कचेरीचे निरीक्षक दारात उभे राहिले. हातात फॉर्म, काखेत मोजपट्टी.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तुम्ही सामान्य आहात."

"ते मला माहीत होतं," आई म्हणाली.

"माहीत असणं वेगळं, प्रमाणित असणं वेगळं. शहरातल्या सर्व कुटुंबांची आम्ही सरासरी काढली. ती अडीच माणसं, पावणेदोन खिडक्या आणि एक बंद नळ अशी आली. तुम्ही त्याच्या सर्वांत जवळ आहात."

"पण आम्ही दोघीच आहोत," टाचणी म्हणाली.

"अर्ध्या माणसाची तूट कचेरीने माफ केली आहे."

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. गेली शंभर-दीडशे वर्षं जगातले विद्वान एका प्रश्नावर भांडत होते. साध्या माणसाचं जगणं कशाने सुधारतं? वस्तू एकेकाच्या मालकीच्या असल्या, म्हणजे जो तो स्वतःच्या फायद्यासाठी धडपडतो आणि त्यात सगळ्यांचंच भलं होतं, त्याने? की वस्तू सगळ्यांच्या मिळून असल्या, म्हणजे कुणालाच कमी पडत नाही, त्याने? पुस्तकं लिहून झाली, मिरवणुका काढून झाल्या, एकमेकांची डोकीही फोडून झाली. आता कचेरीने ठरवलं होतं की हा वाद कायमचा मिटवायचा, आणि तो टाचणीच्या खोलीत मिटवायचा. अर्धी खोली एका पद्धतीने चालेल, अर्धी दुसऱ्या. सहा महिन्यांनी जिचा निकाल चांगला, ती पद्धत साऱ्या इमारतीला लागू होईल आणि बाराही घरांत पाणी खेळेल.

"फक्त एक अट," निरीक्षक म्हणाले. "या सहा महिन्यांत घरच्यांनी किंवा बाहेरच्या कुणी नळाला हात लावायचा नाही. प्रयोग भ्रष्ट होतो."

"नळातला रबरी वायसर बदलायला किती वेळ लागतो?" टाचणीने विचारलं.

"हा प्रश्न फॉर्मवर नाही."

आई सही करायला तयार नव्हती. पण तोवर जिन्यात सगळी इमारत गोळा झाली होती. समोरच्या काकू पुढे झाल्या. "अगं, कर की सही! बारा घरांचं कल्याण आहे. सहा महिने म्हणजे काय, पापणी लवते न लवते तोवर जातील." काकूंकडे पाणी त्यांचा थोरला मुलगा भरायचा, त्यामुळे त्यांना सहा महिने लहान वाटत. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरात होणाऱ्या प्रयोगाला माणसं सहसा विरोध करत नाहीत. आईने सही केली.

दुसऱ्या दिवशी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, चार बोटं रुंद, पिवळा पट्टा ओढण्यात आला. तो शिलाई मशीनच्या पोटाखालून गेला. चाक एका पद्धतीत राहिलं, सुई दुसरीत. भिंतीपाशी पोचल्यावर निरीक्षक थबकले. पट्टा बरोबर नळाच्या नाकावर आला होता. त्यांनी तीनदा मोजलं. पट्टा सरकवता येईना, कारण मग खोली समसमान राहीना. नळ सरकवता येईना, कारण नळाला हात लावायची बंदी. शेवटी असं ठरलं की नळाची चावी डाव्या पद्धतीची आणि तोंड उजव्या पद्धतीचं.

डाव्या अर्ध्याचा कारभार पाहायला एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचे कपडे, आणि बोलताना दर दोन शब्दांनी 'माझं'. माझं मत, माझा अनुभव, माझी गाडी खाली उभी आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीने त्यांचं बारसं करून टाकलं: माझेसाहेब. उजव्या अर्ध्याला एक बाई आल्या. खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत कागद, आणि तोंडी 'आपण' आणि 'आपलं'. त्या आपलेबाई झाल्या.

माझेसाहेबांनी खुर्ची मागवली, पट्ट्याच्या डावीकडे ठेवली आणि टाचणीच्या आईला समजावलं. "बाई, तुमची चूक काय झाली? तुम्ही नळाकडे नळ म्हणून पाहिलंत. संधी म्हणून पाहिलंच नाहीत. ही चावी मी लिलावात काढणार. जो मालक होईल तो नफ्यासाठी का होईना, पाणी आणेलच. सगळ्यांच्या वस्तूला कुणी तेलसुद्धा घालत नाही. तो तुमचा पंप बघा, कसा किंचाळतो. बारभाईची शेती, काय लागेल हाती!"

पंप खरंच किंचाळायचा. टाचणीला ते पटलं.

"त्यांचं ऐकू नका," पट्ट्याच्या उजवीकडून आपलेबाई म्हणाल्या. "मालक पाणी आणेल, पण कुणासाठी? ज्याला परवडेल त्याच्यासाठी. बळी तो कान पिळी! पाणी हा आपला हक्क आहे. नळ आपल्या सर्वांचा झाला की तो आपल्याला कोण नाकारणार?"

हेही टाचणीला पटलं. "मग दोघं मिळून आज दुरुस्त करून टाका ना," ती म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने भर सभेत शिंक दिली.

चावीचा लिलाव झाला. बोली लावायला कुणी आलं नाही, कारण एका घराच्या पाण्यासाठी धंदा मांडणं कुणालाच परवडत नव्हतं. माझेसाहेब खचले नाहीत. त्यांनी जुनी चावी काढून तिथे एक चकचकीत चावी बसवली. अशी, की तिच्यात तोंड दिसावं. पद्धती चालवणाऱ्यांना नळाला हात लावायची बंदी नव्हती. बंदी घरच्यांना होती. शिवाय त्यांनी टाचणीला एक रंगीत पुस्तिका दिली. तिच्यात पाण्याचे अकरा प्रकार होते: डोंगरातलं, बर्फातलं, खनिजांचं, बुडबुड्यांचं. "निवड," ते म्हणाले. "निवडीचं स्वातंत्र्य हेच खरं सुख."

टाचणीने नुसतं पाणी निवडलं. ते पुस्तिकेत नव्हतं.

पलीकडे आपलेबाईंनी सभा घेतली. सभासद दोन: आई आणि टाचणी. नळाच्या तोंडाची देखभाल समिती नेमायची होती, पण नियमाप्रमाणे समितीत किमान पाच जण लागत. म्हणून आईला अध्यक्ष आणि खजिनदार, टाचणीला चिटणीस, सदस्य आणि विरोधी सूर अशी पदं मिळाली. दर मंगळवारी बैठक व्हायची. पहिल्या बैठकीत 'नळाचे तोंड सर्वांचे आहे' हा ठराव एकमताने झाला. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त वाचून मंजूर झालं. तिसऱ्या बैठकीला आई आली नाही, कारण ती पाणी आणायला गेली होती. गैरहजेरीबद्दल तिच्यावर ताशेरे ओढण्यात आले. ते ताशेरे अध्यक्ष म्हणून तिच्याच सहीने निघाले.

महिना संपला की निरीक्षक यायचे आणि फॉर्म भरायचे.

"पाण्याची संधी?"

"शंभर टक्के," माझेसाहेब म्हणायचे.

"पाण्याचा हक्क?"

"शंभर टक्के," आपलेबाई म्हणायच्या.

"आणि पाणी?" टाचणी विचारायची.

"असा रकाना नाही," निरीक्षक म्हणायचे, आणि खरंच नव्हता. त्यांनी फॉर्म तिला उलटा-सुलटा करून दाखवला. माणूस प्रामाणिक होता.

दरम्यान प्रयोगाची कीर्ती पसरली. लोक तो पाहायला यायचे, दारात गर्दी करायचे, आणि पाहता पाहता इमारतीत दोन तट पडले. पहिल्या मजल्यावरचा शिक्षक माझेसाहेबांकडे झुकला, त्याचा सख्खा भाऊ आपलेबाईंकडे. दोघांनी एकमेकांकडे जाणं-येणं सोडलं. पंपावर रांगेत भांडणं व्हायची. पंपाला तेल मात्र अजून कुणी घातलं नव्हतं. एक तट म्हणे, ते मालकाचं काम. दुसरा म्हणे, ते सगळ्यांचं काम. आणि सगळ्यांचं म्हटलं की 'आज तू घाल' असं सांगायला प्रत्येकाजवळ दुसरा कुणीतरी असायचाच.

पूर्वी आईच्या कमरेत उसण भरली की समोरच्या काकू मुलाला हाक मारायच्या, "अरे, त्यांची पण एक बादली टाक वर!" आता ते थांबलं.

"काकू, आज एकच बादली द्याल?" टाचणीने एकदा विचारलं. "आईला उठवत नाहीये."

काकूंनी जीभ चावली. "देईन गं, मला काय जड आहे? पण निरीक्षकांनी सांगितलंय ना, बाहेरची मदत मिळाली की आकडे बिघडतात. उद्या तुमच्यामुळे बारा घरांचा निकाल हुकला तर पाप मला लागेल. थोडं सोसा. आपल्या सगळ्यांसाठीच आहे हे."

"तुम्ही पण सोसताय का, काकू?"

"फार बोलायला शिकलीस!" काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

चौथ्या महिन्यात आई पडली. भरलेली बादली घेऊन ती उंबरा ओलांडत होती. पाय घसरला, कंबर दारावर आपटली आणि ती पिवळ्या पट्ट्यावर आडवी झाली. डोकं डावीकडे, पाय उजवीकडे. पाणी दोन्हीकडे वाहिलं. टाचणी धावली. डॉक्टरांना आणण्याआधी, बातमी कळताच आलेल्या निरीक्षकांनी खडूने आईची रेघ आखून घेतली, कारण अपघात कुठल्या रकान्यात टाकायचा हे नंतर ठरवता आलं नसतं.

"माझ्या बाजूला फक्त डोकं आहे," माझेसाहेब म्हणाले, "आणि डोक्याला काही झालेलं नाही. शिवाय बादली उचलायचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता."

"आपल्या बाजूला पाय आहेत हे खरं," आपलेबाई म्हणाल्या, "पण लागलंय कमरेला, आणि कंबर पट्ट्यावर आहे. आपण याच्या निषेधाचा ठराव जरूर करू."

डॉक्टरांनी सांगितलं: महिनाभर पाठ टेकून पडायचं, जड उचलायचं नाही, नाहीतर कंबर कायमची जाईल. त्या महिन्याच्या फॉर्मवर 'विश्रांतीचे तास' या रकान्यात मोठी झेप दिसली. दिवसाला सहावरून वीस. दोन्ही पद्धतींनी ती आपापल्या खात्यावर दाखवली आणि कचेरीतून दोघांनाही शाबासकीचं पत्र आलं.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ असं आपण म्हणतो. इथे तिसऱ्याच्या वाट्याला सहा बादल्या आल्या. टाचणीची शाळा सुटली. ती पहाटे पंपावर जायची, घरी येऊन आईला जेवण द्यायची, परत पंपावर. सहावी बादली वर येईपर्यंत हाताच्या बोटांना सरळ व्हायचं भान राहायचं नाही. कॉलरींचा ढीग मशीनशेजारी तसाच वाढत होता आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

"टाचणे," ती एकदा म्हणाली, "शाळेत काय शिकवत असतील गं आता?"

"अपूर्णांक," टाचणी म्हणाली. "मला येतात. अर्धी चावी, अर्धं तोंड."

आई हसली. हसताना कमरेत कळ आली, म्हणून थांबली. त्या थांबण्याने टाचणीचं ठरलं.

पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत, एक प्लंबर राहत होते. गल्ली त्यांना प्लंबरकाका म्हणायची. नळांचे डॉक्टर, आणि स्वतःच्या घरात चार वर्षं पंपाचं पाणी. तेही प्रयोगाच्या साक्षीदारांत सही करून बसले होते.

"काका, वायसर बदलायला किती वेळ लागतो?"

"कपातला चहा गार व्हायच्या आत होतं."

"मग चला."

काका एकदम चोरट्यासारखे झाले. "अगं, माझी सही आहे! हात लावला तर मला कचेरीतून काम मिळणं बंद होईल. आणि दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. निकाल लागला की..."

"निकाल लागला की वायसर कोण बदलणार?"

काकांनी मान फिरवली. मग टाचणीकडे न पाहता बोलू लागले. "तुला सांगतो, मी तरुणपणी वायसरच्याच कारखान्यात होतो. तो कारखाना आपल्या सगळ्यांचा होता. दरवर्षी ठरल्यापेक्षा जास्त वायसर काढायचो, बक्षिसं मिळायची. प्रत्येक घराला वायसर मिळायचा, आणि कुणाच्याच नळाला बसायचा नाही. एकाच मापाचे होते ना! मग तो कारखाना एका मालकाने घेतला. माणूस हुशार. त्याचा वायसर असा बसायचा की वा! आणि हमी संपली की दुसऱ्याच दिवशी फाटायचा. मुद्दाम तसाच बनवायचो. आपल्या इमारतीतले बाराही त्याचेच आहेत."

"मग चांगला वायसर कसा असतो?"

"तुझ्या पायात आहे तसा," काका म्हणाले आणि जीभ चावली. टाचणीच्या पायात झिजलेली रबरी चप्पल होती.

त्यांनी दार लोटलं. भिंतीकडे तोंड केलं, हात पाठीमागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी कुणाला काही सांगत नाहीये. मी या भिंतीशी बोलतोय. ऐक गं भिंते. आधी जिन्यातला कॉक बंद आहे ना ते बघायचं. मग पान्हा लावायचा नळाच्या मानेला, आणि फिरवायचा डावीकडे. जोर मनगटाचा नाही, खांद्याचा. मान बाहेर आली की तिच्या बुडाला फाटका वायसर दिसेल. त्यावर चप्पल ठेवून पेनाने गोल काढायचा. कात्रीने कापायचं, रेघेच्या आतून नाही, रेघेवरून. मधे भोक. बसवायचं, मान परत उजवीकडे फिरवायची. आणि कॉक उघडताना हळू, भिंते. एकदम उघडलास तर पाइप दणके देईल."

"आणि पान्हा?" भिंत म्हणाली.

"पान्हा त्या खिळ्याला असतो," काका भिंतीला म्हणाले. "मी आता डोळे मिटून प्रार्थना करणार आहे. कुणी नेलाच तर मला दिसणार नाही."

टाचणीने आधी जिन्यातला कॉक बंद आहे ते पाहिलं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून ती नळापुढे उभी राहिली. मान हलेना. ती लोंबकळली. एकदा पान्हा निसटून बोटाची सालटी निघाली. आई पडल्या पडल्या कात्री पुढे सरकवत म्हणाली, "कापडाची आहे गं, धार जाईल."

"जाऊ दे?"

"जाऊ दे."

पहिला वायसर लहान झाला, दुसरा वाकडा, तिसरा बसला. टाचणीने जिन्यात जाऊन आपल्या घराचा कॉक उघडला. हळू. परत आली तेव्हा आई कोपरांवर उठून बसली होती आणि नळाची धार मोरीत पडत होती. आधी तांबडी, मग पांढरी. टाचणीने ती चकचकीत चावी फिरवली. धार थांबली. पुन्हा उघडली, आली. पुन्हा बंद केली. थेंबसुद्धा नाही. मग तिने बादली भरायला लावली आणि खाली बसून आपल्या हातांकडे बघत राहिली.

असल्या गोष्टी लपत नाहीत. पाण्याचा आवाज चार वर्षांनी इमारतीत झाला होता. अर्ध्या तासात जिना भरला. निरीक्षक आले, माझेसाहेब आले, आपलेबाई आल्या. जिन्यातच चौकशी सुरू झाली.

"नळ कुणी दुरुस्त केला?"

"मी."

"कोणत्या पद्धतीने?"

"पान्ह्याने."

"उत्तर दोन चौकटींपैकी एकीतच द्यावं लागेल," निरीक्षक म्हणाले. "खाजगी की सामाईक?"

"यात विचारायचं काय?" माझेसाहेब पुढे सरसावले. "स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या हाताने, कुणाच्या परवानगीची वाट न पाहता! चावी तर माझीच आहे. हा माझा विजय."

"पान्हा काय हिचा आहे?" आपलेबाई म्हणाल्या. "आणि कसब कुणी शिकवलं? बोल बाळ, कुणी सांगितलं तुला?"

गर्दीत मागे प्लंबरकाकांचा चेहरा पडला होता.

"भिंतीने," टाचणी म्हणाली.

"भिंत सामाईक आहे!" आपलेबाईंनी टाळी वाजवली. "हा आपला विजय!"

जिन्यात गलका झाला. शिक्षक आणि त्याचा भाऊ बाह्या वर करून समोरासमोर आले. निरीक्षकांनी मात्र फॉर्म पुन्हा वाचला, आणि घसा खाकरला.

"एक अडचण आहे. या घरात आता पाणी येतं. म्हणजे राहणीमान उंचावलं. सरासरीच्या वर गेलेलं कुटुंब सामान्य राहत नाही. तेव्हा हे कुटुंब प्रयोगाला अपात्र ठरतं, आणि प्रयोग भ्रष्ट झाल्याने इमारतीला दिलेलं आश्वासनही रद्द. कचेरी पलीकडच्या गल्लीत नवं सामान्य कुटुंब शोधेल. या वेळी मुदत एक वर्षाची ठेवू."

"उत्तम," माझेसाहेब म्हणाले. "उत्तम," आपलेबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. दोघं बोलत बोलतच जिना उतरले.

मग सगळ्या नजरा टाचणीकडे वळल्या.

"बघितलंस काय केलंस?" काकू म्हणाल्या. "तुझ्या एका नळापायी आमचे अकरा गेले! चार वर्षं वाट पाहिली आम्ही. अजून दोन महिने तुला धीर धरवला नाही?"

"काकू, तुमचा पण करून देते," टाचणी म्हणाली. "आत्ता. दुसरी चप्पल आहे माझी."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शिक्षकाने भावाकडे पाहिलं, भावाने कठड्याकडे. मग एकेक जण हळूहळू आपल्या दारात शिरला. प्रत्येकाला काहीतरी काम आठवलं होतं.

पोरांनो, तुमच्यातलं कुणीतरी मघापासून हात वर करून बसलेलं आहे, ते मला दिसतंय. दोघांत बरोबर कोण, हेच विचारायचंय ना? विचारायला हरकत नाही. प्रश्न मोठा आहे, खरा आहे, आणि मोठी माणसं त्यावर जन्म काढतात. फक्त जे त्यावर सर्वांत जोरात बोलतात, त्यांच्या घरी पाणी कोण भरतं तेवढं एकदा डोकावून बघत जा.

टाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत गेली आणि घरी आल्यावर तिने अकरा वायसर कापले. कात्रीची धार गेली होती, म्हणून बोटाला फोड आला. वायसर दोऱ्यात ओवले, पान्हा घेतला आणि समोरचं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून काकू.

"मी. नळ करायला."

आत थोडी कुजबुज झाली. "आधी सांग, कुणाच्या बाजूने आलीस? उद्या कुणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

टाचणी पुढच्या दाराकडे गेली. तिथे तोच प्रश्न आला. तिसऱ्या दारात म्हणाले, चर्चा चालू आहे, नंतर ये. ती जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावरच्या पहिल्या दाराशी तिने पान्हा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि कडी वाजवली.

ते दार तुमचं आहे. ती बाहेर उभी आहे.